पडलेल्या खांबांची बाजू

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर काताकोलो नावाचे एक छोटे बंदर आहे. गाव इवलेसे, पण भूमध्य समुद्रात फिरणारी मोठाली क्रूझ जहाजे तिथे थांबतात, आणि बहुतेक प्रवासी उतरतात ते एकाच ओढीने. तिथून सुमारे 35 किलोमीटरवर ऑलिम्पिया आहे. सकाळी जहाज धक्क्याला लागते, बस भरतात, माणसे दोनेक तास दगडांमधून हिंडतात आणि जहाज सुटायच्या आत परततात. अलीकडे या दोन तासांत एक नवी सोय आली आहे. हातात टॅब धरला किंवा डोळ्यांवर हेडसेट चढवला की पडलेले खांब उभे राहतात, छपरे चढतात आणि गाभाऱ्यात सोन्या-हस्तिदंताचा झ्यूस विराजमान झालेला दिसतो.

या सोयीविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. एक कौतुकाचे: दगडांत जीव आला, इतिहास जिवंत झाला. दुसरे नाराजीचे: एवढ्या लांब जाऊन पडदाच पाहायचा तर घरीच का बसू नये? मला दोन्ही मते उथळ वाटतात, आणि दोन्ही एकाच गैरसमजातून निघालेली वाटतात. भग्नावशेष म्हणजे काहीतरी अपुरे राहिलेले, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. एकाला ते अपुरेपण यंत्राने भरून हवे असते, दुसऱ्याला ते स्वतःच्या कल्पनेने भरायचे असते. ते भरायचेच असते, याबद्दल मात्र दोघांचे एकमत.

माझे म्हणणे वेगळे आहे. भग्नावशेष हा पुरावा आहे आणि पुनर्रचना हे त्या पुराव्याविषयीचे विधान आहे. विधान पक्के असू शकते, अर्धे पक्के असू शकते, निव्वळ तर्कही असू शकते. म्हणून आभासी पुनर्रचनेला ‘हे खरे वाटते का?’ असे विचारून भागत नाही. ‘हे कशावरून कळले?’ असे विचारावे लागते. ज्या हेडसेटमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही, तो कितीही देखणा असला तरी प्रवाशाची फसवणूक करतो. ज्यात उत्तर आहे, तो पुरातत्त्वविद्या सामान्य माणसाच्या हाती आणून देतो. हे चार टप्प्यांत मांडतो, मग आक्षेपांना उत्तर देतो आणि शेवटी या पुनर्रचनांकडून काय मागायचे ते सांगतो.

१. पडणे हाही इतिहासच

झ्यूसचे देऊळ एलिसच्या लिबोन या वास्तुकाराने बांधले. ते इ.स.पू. 457 च्या सुमारास पुरे झाले. पुढे-मागे सहा-सहा, दोन्ही बाजूंना तेरा-तेरा असे खांब. कोपऱ्यातले दोनदा न मोजता एकूण 34. प्रत्येक खांब साधारण साडेदहा मीटर उंच. आज त्यांतला एकच उभा दिसतो, आणि तोही जर्मन पुरातत्त्वज्ञांनी 2004 मध्ये, अथेन्सच्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने, पुन्हा रचलेला. बाकीच्या कितीतरी खांबांचे गोल तुकडे जोत्याच्या कडेला, चिरलेल्या काकडीच्या चकत्या ताटात कलंडाव्यात तसे, एकमेकांवर रेलून पडले आहेत.

या पडण्याला क्रम आहे आणि दिशा आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या मोठ्या भूकंपांनी देऊळ कोसळले, हे तिथले दगडच सांगतात. माणसांनी फोडून नेलेली इमारत अशी ओळीने पडत नाही. एखाद्या तुकड्याजवळ वाकून पाहिले तर दगडात शिंपल्यांचे तुकडे उघडे दिसतात. हा तिथलाच, आसपासच्या खाणींतला खडबडीत दगड. बांधणाऱ्यांनी त्यावर पांढरा गिलावा चढवून त्याला संगमरवराचे रूप दिले होते. खरा संगमरवर पारोस बेटावरून आणला तो शिल्पांसाठी आणि छपराच्या कौलांसाठी. म्हणजे आज आपल्याला दिसणारा शिंपल्यांचा दगड प्राचीन यात्रेकरूला कधी दिसलाच नाही. देऊळ मोडले तेव्हा ते कशाचे होते हे उघड झाले. इमारत उभी असताना जे सांगत नव्हती, ते ती पडल्यावर सांगू लागली.

देवळाच्या पश्चिमेला फिडियासची कार्यशाळा आहे. झ्यूसची मूर्ती जिथे घडली ती ही जागा. उत्खननात इथे मूर्तीच्या वस्त्रासाठी वापरलेले मातीचे साचे, हत्यारे, हस्तिदंताचे तुकडे आणि तळाशी फिडियासचे नाव कोरलेले एक साधे काळे भांडे मिळाले. पण आज तिथे ज्या भिंती दिसतात त्यांत पाचव्या शतकातले ख्रिस्ती चर्चही आहे. देव घडवण्याची जागा पुढे दुसऱ्या देवाच्या उपासनेची जागा झाली. याच काळाच्या आसपास देवळाभोवतीच्या जुन्या वास्तूंचे दगड काढून तटबंदी आणि घरे उभी राहिली. मग क्लादेओस आणि अल्फिओस या नद्यांच्या गाळाखाली सगळे गाडले गेले. गाळाचा थर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड होता. 1766 मध्ये रिचर्ड चँडलर या इंग्रज प्रवाशाने जागा ओळखली, 1829 मध्ये फ्रेंच मोहिमेने थोडे खणले आणि 1875 पासून एर्न्स्ट कुर्टियुसच्या नेतृत्वाखाली जर्मनांनी पद्धतशीर उत्खनन सुरू केले.

आता हेडसेट चढवला की काय होते पाहा. एका क्षणात भूकंप पुसला जातो, चर्च पुसले जाते, गाळ आणि तटबंदीही पुसली जाते. एक देखणे देऊळ मिळते. त्याच्या बदल्यात हजारएक वर्षे जातात. हा व्यवहार कधी परवडणाराही असेल. पण तो व्यवहार आहे, त्यात काही द्यावे लागते, हे तरी प्रवाशाला कळायला हवे.

२. कोणत्या दिवसाचे ऑलिम्पिया?

‘ऑलिम्पिया जसे होते तसे’ या जाहिरातीतल्या वाक्यात एक मोठी अडचण लपलेली आहे. केव्हा होते तसे? पहिल्या ऑलिम्पिक स्पर्धांची परंपरेने सांगितलेली तारीख इ.स.पू. 776. त्या वेळी यांतली एकही भव्य वास्तू नव्हती. हेराचे देऊळ इ.स.पू. 600 च्या आसपासचे. झ्यूसचे देऊळ त्यानंतर दीडशे वर्षांनी. देऊळ पुरे झाले तरी मूर्ती यायला आणखी दोनेक दशके गेली. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. 338 च्या कायरोनियाच्या विजयानंतर आपल्या घराण्यासाठी गोलाकार वास्तू उभारायला घेतली. आणि हेरोदेस अत्तिकुसने पाणी आणून बांधलेले शोभिवंत कारंजे तर थेट रोमन काळातले, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. फिडियास आणि हे कारंजे यांच्यात सहाशे वर्षांच्या जवळपास अंतर आहे. कार्यशाळेत फिडियास काम करतोय आणि पलीकडे कारंजे उडतेय, असे चित्र ज्यात दिसेल ती पुनर्रचना कधीच अस्तित्वात नसलेला दिवस दाखवते.

हेराच्या देवळाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे खांब मुळात लाकडी होते आणि शतकानुशतके एकेक करून दगडी होत गेले, असे अभ्यासक मानतात. म्हणून आजही तिथले खांब एकमेकांशी जुळत नाहीत: कुणाची जाडी वेगळी, कुणाच्या खाचा वेगळ्या, कुणाचा माथा वेगळ्या पिढीच्या घडणीचा. दुसऱ्या शतकात पाउसानियास हा प्रवासी तिथे आला तेव्हा मागच्या दालनात एक ओकचा खांब अजून उभा होता, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे देऊळ बांधून सातशे वर्षे झाली तरी त्याचे बांधकाम एका अर्थाने चालूच होते. अशा वास्तूला ‘मूळ रूप’ कोणते? सारखे, चकचकीत, एका मापाचे खांब दाखवणारी पुनर्रचना त्या देवळाची सर्वांत महत्त्वाची गोष्टच हरवून बसते: ते देऊळ सतत बदलत आले होते.

काळाची निवड टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. चित्र काढायचे म्हणजे कोणता तरी क्षण धरावाच लागतो. पण निवड करणे आणि निवड केल्याचे लपवणे यांत प्रामाणिकपणाचा फरक आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘इ.स.पू. 300’ एवढे लिहिले आणि बोटाने काळ पुढे-मागे सरकवता आला, तरी अर्धे काम होते.

३. तीन प्रतीचे ज्ञान, एकच चकाकी

आता मुख्य मुद्दा. ऑलिम्पियाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते सगळे सारख्या प्रतीचे नाही.

पहिली प्रत मोजलेल्याची. देवळाच्या जोत्याचा माथा 27.68 मीटर रुंद आणि 64.12 मीटर लांब आहे. धावण्याच्या स्टेडियममध्ये सुरुवातीची आणि शेवटची दगडी ओळ आजही जागेवर आहे; दोहोंतले अंतर 192.27 मीटर. याबद्दल वाद नाही.

दुसरी प्रत अनुमानाची. देवळाच्या पूर्वेकडच्या दर्शनी त्रिकोणात पेलोप्स आणि ओइनोमाओस यांच्या रथशर्यतीची तयारी कोरलेली होती. पुतळे सापडले आहेत, संग्रहालयात आहेत, पाउसानियासचे वर्णनही हाताशी आहे. तरीही मधल्या आकृतींतली कोणती डावीकडे आणि कोणती उजवीकडे यावर विद्वान शंभराहून अधिक वर्षे वाद घालत आहेत. पुतळे हातात असून क्रम अनिश्चित, अशी ही अवस्था.

तिसरी प्रत तर्काची. झ्यूसची मूर्ती बारा मीटरच्या आसपास उंच होती. पुढे ती कॉन्स्टँटिनोपलला नेल्याचे आणि तिथे आगीत नष्ट झाल्याचे सांगितले जाते. तिची एकही अस्सल प्रतिकृती उरलेली नाही. एलिसच्या नाण्यांवरची बोटभर चित्रे, पाउसानियासचे वर्णन आणि कार्यशाळेतले साचे एवढ्यावर आपण तिची कल्पना करतो. तिच्या चेहऱ्यावर नेमका कोणता भाव होता हे कुणालाही ठाऊक नाही. आणि याहूनही पुढची पायरी म्हणजे झ्यूसची वेदी. ऑलिम्पियाचे खरे पवित्र स्थान देऊळ नव्हते, वेदी होती. बळी दिलेल्या जनावरांच्या राखेचा तो ढीग होता. दर वर्षी ठरलेल्या दिवशी राख अल्फिओसच्या पाण्यात कालवून त्या ढिगावर लिंपली जाई. पाउसानियास तिची उंची 22 फूट सांगतो. पण जमिनीत तिचा निर्विवाद असा मागमूस आजवर मिळालेला नाही.

पडद्यावर मात्र या तिन्ही प्रतींवर एकच ऊन पडते. मोजलेले जोते, अनुमानाने लावलेले पुतळे आणि तर्काने रंगवलेला देवाचा चेहरा, तिन्हींच्या सावल्या तितक्याच रेखीव असतात. वेदीच्या बाबतीत तर दोनच वाटा उरतात: ती मनाने काढायची, नाहीतर वगळायची. वगळली तर प्रवाशाच्या मनात ऑलिम्पिया म्हणजे देऊळ आणि मैदान एवढेच राहते, आणि जिथे यज्ञ होत असे ती जागा गायब होते. पुराव्यातली पोकळी हीसुद्धा माहिती असते, आणि ती पोकळी म्हणूनच दाखवता येते.

चूक झाली की काय होते, हे दाखवायला ग्रीसमध्येच एक उदाहरण आहे. क्रीट बेटावरचे क्नोसोस हेही क्रूझच्या प्रवाशांचे आवडते ठिकाण. तिथे आर्थर एव्हान्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केले आणि पुढे काँक्रीट वापरून खांब, जिने, मजले उभे केले. तिथल्या एका भित्तिचित्राचे तुकडे जुळवून केशर वेचणारा निळा मुलगा तयार करण्यात आला. पुढे लक्षात आले की तो मुलगा नव्हता, माकड होते. तुकडे अस्सल होते. मधली भर घालणाऱ्याला मुलगा हवा होता. एव्हान्सच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्याचे काँक्रीट काँक्रीट म्हणून ओळखू येते. पिक्सेलमध्ये केलेली भर मुळीच ओळखू येत नाही.

४. दोन तासांच्या प्रवाशाला जास्त प्रामाणिकपणा का हवा?

इथे कुणी म्हणेल, हे सगळे अभ्यासकांचे प्रश्न आहेत. क्रूझवरून आलेल्या माणसाला त्याचे काय? मला नेमके उलटे वाटते. अभ्यासकाला चुकीचे चित्र दाखवले तर तो उत्खननाचे अहवाल काढून तपासेल. विद्यार्थी पुन्हा येईल. क्रूझचा प्रवासी दुसऱ्या दिवशी सांतोरिनीला किंवा मिकोनोसला असतो. ऑलिम्पियाला तो बहुधा आयुष्यात एकदाच येतो. त्याने जे पाहिले ते दुरुस्त करण्याची संधी त्याला पुन्हा मिळत नाही. ज्याला दुसरी संधी नाही, त्याला पहिल्याच संधीत खरे सांगायला हवे.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. दोन तासांतली वीस मिनिटे पडद्यात गेली तर ती दुसरीकडून कापली जातात, आणि सहसा कापले जाते ते संग्रहालय. हा सौदा वाईट आहे. देवळाच्या दोन्ही दर्शनी त्रिकोणांतले पुतळे, हेराक्लिसच्या बारा पराक्रमांच्या शिल्पपटांतले तिथे राहिलेले भाग, प्राक्सितेलिसच्या नावाने प्रसिद्ध असलेला हर्मिस, फिडियासचे ते भांडे, सगळे संग्रहालयात आहे. 1874 च्या ग्रीस-जर्मनी करारात सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहतील असे ठरले होते, म्हणून त्या आज सापडल्या त्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पुतळ्याचे डिजिटल रूप पाहण्यात वेळ घालवून खरा पुतळा चुकवणे, यासारखे दुसरे नुकसान नाही.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टच्या साथीने 2021 मध्ये ऑलिम्पियाच्या 27 वास्तूंची डिजिटल पुनर्रचना लोकांसाठी खुली केली. ती मोबाइलवर पाहता येते, जगात कुठेही बसून पाहता येते. म्हणजे संपूर्ण देऊळ पाहायला ऑलिम्पियात उभे राहण्याची गरजच नाही. ते आदल्या रात्री जहाजाच्या केबिनमध्ये पाहता येते. मग प्रत्यक्ष जागेवर यंत्राचे काम काय? जे घरी होऊ शकत नाही तेच: समोर पडलेला हा दगड त्या खांबात कितव्या जागी होता, ही भिंत कोणत्या शतकातली, पायाखालची जमीन तेव्हा किती खोल होती, हे दाखवणे. जागेवरच्या यंत्राने नजर दगडाकडे वळवली पाहिजे. दगडाकडून नजर काढून घेणारे यंत्र तिथे कशाला हवे?

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: नुसते दगड सामान्य माणसाला कळत नाहीत, त्याला चित्र लागतेच. हे मला पूर्ण मान्य आहे. जोत्यावरून देवळाची उंची डोळ्यांसमोर आणणे शिकलेल्या नजरेलाही अवघड जाते. पुनर्रचनेची चित्रे पुरातत्त्वाइतकीच जुनी आहेत. कात्रमेअर द कँसी याने 1815 मध्येच झ्यूसच्या मूर्तीची रंगीत कल्पनाचित्रे प्रसिद्ध केली होती. माझा विरोध चित्राला नाही. पण कागदावरचे चित्र पाहताना हे कुणीतरी काढले आहे याचा विसर पडत नाही. हेडसेट तो विसर पाडण्यासाठीच बनवलेला असतो. म्हणून चित्रावर जी जबाबदारी नव्हती ती हेडसेटवर येते.

दुसरा आक्षेप: ‘हे नक्की, ते बहुधा, हे आम्हाला माहीत नाही’ असे सांगत बसले तर मजा जाईल, लोक कंटाळतील. या आक्षेपात सामान्य माणसाविषयी तुच्छता आहे. गुन्ह्याचा तपास लोक आवडीने वाचतात आणि पाहतात, त्यात शेवटच्या उत्तराइतकीच गोडी एकेक धागा जुळण्यात असते. देवाच्या मूर्तीचे वस्त्र कसे घडवले हे मातीच्या साच्यांवरून कळते, आणि चेहऱ्याचा भाव कशावरूनच कळत नाही, हे ऐकताना कोण कंटाळेल? कंटाळा येतो तो तयार उत्तरांचा. प्रत्येक ठिकाणी तेच पांढरे खांब आणि तेच पार्श्वसंगीत असेल तर तिसऱ्या बंदरावर माणूस जांभया देईलच.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा: एवढी भानगड असेल तर यंत्र नकोच, अवशेष आहेत तसे, अस्पर्श राहू द्या. हे ऐकायला शुद्ध वाटते, पण ‘अस्पर्श’ अवस्था कुठे आहेच? आज दिसणारे ऑलिम्पिया उत्खनकांनी घडवलेले आहे. अभिजात काळापर्यंत पोहोचण्यासाठी आणि बांधकामात वापरलेली जुनी शिल्पे मिळवण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या उत्खनकांनी नंतरच्या काळाच्या भिंती काढल्या. तुर्कस्तानातल्या एफेससच्या सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी बाजू 1970 च्या दशकात पुन्हा रचलेली आहे. तिथे फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असते? दगडाला हात लावून केलेल्या पुनर्रचनेपेक्षा दगडाला हात न लावता केलेली पुनर्रचना मूळ पुराव्याला निश्चितच सुरक्षित आहे, कारण ती चुकली तर बदलता येते. शिवाय 1829 मध्ये फ्रेंचांनी नेलेले शिल्पपटांचे भाग पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत आणि उरलेले ऑलिम्पियात. प्रत्यक्षात दुरावलेले हे तुकडे पडद्यावर तरी एकत्र येऊ शकतात. काढून टाकलेल्या त्या भिंतीसुद्धा जुन्या नकाशांच्या आधारे पुन्हा दाखवता येतील. ज्याला उंच-सखल वाटेवर चालवत नाही त्या वृद्धाला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला यंत्रामुळे स्टेडियमच्या टोकापर्यंत जाता येते. हे सगळे फायदे सोडून देणे म्हणजे शहाणपण नव्हे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: पुनर्रचना विकली जाते ती देखणेपणावर, प्रामाणिकपणाचे पैसे कोण देणार? बाजार आपणहून देणार नाही, हे खरे. पण ऑलिम्पिया बाजाराच्या मालकीचे नाही. 1989 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्याची राखण ग्रीक सरकार करते. अक्रोपोलिसवर दिवसाला 20,000 प्रवाशांची मर्यादा 2023 मध्ये आली. सांतोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशांकडून 2025 पासून डोई 20 युरो घेतले जातात. प्रवाशांच्या संख्येवर नियम करता येतात, तर त्यांना जे दाखवले जाते त्यावर का नाही?

६. काय मागायचे

हे नियम नव्याने शोधायचेही नाहीत. 1964 च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी तत्त्व घालून दिले की जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. संगणकावरच्या पुनर्रचनांसाठी 2006 मध्ये लंडन सनद तयार झाली. पाहणाऱ्याला पुरावा कोणता आणि गृहीतक कोणते हे कळले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. तज्ज्ञांच्या वर्तुळात ही गोष्ट मान्य आहे. ती बसमधून उतरणाऱ्या माणसाच्या हातातल्या टॅबपर्यंत पोहोचवायची आहे. त्यासाठी पाच अटी पुरेत असे मला वाटते.

एक: जे मोजलेले ते ठळक, जे अनुमानाने लावलेले ते फिके, जे तर्काचे ते नुसत्या रेषांत, असा भेद पडद्यावर कायम दिसावा. दोन: प्रत्येक दृश्यावर त्याचा काळ लिहिलेला असावा आणि निदान तीन-चार काळ पाहता यावेत, चर्च आणि गाळ यांच्यासकट. तीन: जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत, तिथे दोन्ही मांडण्या दिसाव्यात; पूर्वेच्या त्रिकोणातले पुतळे दोन्ही प्रकारे लावून दाखवायला संगणकाला काहीच कष्ट नाहीत. चार: पुनर्रचना कुणी, केव्हा आणि कुणाच्या सल्ल्याने केली हे पुस्तकावरच्या लेखकाच्या नावासारखे समोर असावे. पाच: यंत्राने अधूनमधून स्वतःहून थांबावे आणि समोरचा दगड दाखवावा.

यातली कोणतीही अट तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. उलट छापील चित्राला जे जमत नव्हते ते इथे सहज जमते. कागदावर एका वेळी एकच मांडणी छापता येते. पडद्यावर दहा मांडण्या एकामागून एक येऊ शकतात. या तंत्राची खरी ताकद शंका दाखवण्यात आहे, आणि आपण ते खात्रीचा आव आणण्यासाठी वापरत आहोत.

मराठी वाचकाने या वादाकडे परदेशातली गोष्ट म्हणून पाहू नये. 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांत रायगड आहे. तिथल्या राजवाड्याचे लाकडी काम उरलेले नाही. 1818 च्या इंग्रजी तोफखान्याने लावलेल्या आगीनंतर जोती राहिली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनची नोंद आहे, हिरोजी इंदुलकराचा शिलालेख आहे, पण राजसभेचे छप्पर नेमके कसे होते हे कुणी मोजून ठेवलेले नाही. तिथेही हेडसेट येतील. आणि जिथे प्रेम आणि अभिमान इतका दाट आहे, तिथे तर्काला पुराव्याच्या रांगेत बसवण्याचा मोह ऑलिम्पियापेक्षा कितीतरी मोठा असेल. रायगडासाठी आपण कोणते नियम मागणार, हे ठरवायला ऑलिम्पिया हे चांगले उदाहरण आहे, कारण तिथल्या दगडांशी आपला अभिमान गुंतलेला नाही आणि डोके शांत ठेवून विचार करता येतो.

प्रवाशाला अपुरी माहिती पचत नाही, म्हणून त्याला पुरे देऊळ द्यावे, हे गृहीतक मला मान्य नाही. माणसे आयुष्यातले बहुतेक निर्णय अपुऱ्या माहितीवरच घेतात. अपुरेपण त्यांना चांगले कळते. जगाच्या दुसऱ्या टोकाहून पैसे आणि दिवस खर्चून आलेल्या माणसाला ‘एवढे आम्हाला माहीत आहे, एवढे नाही’ असे सांगणे हाच त्याचा मान राखणे आहे. तेव्हा हातात यंत्र देणाऱ्याला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: हे कशावरून? सरकारांनी त्याचे उत्तर बंधनकारक करावे. उत्तर असेल तर यंत्र जरूर वापरावे. नसेल तर ते परत द्यावे आणि तो वेळ संग्रहालयाला द्यावा.